उजवी वाट उसनी आहे

मनुष्य घरी कसा वागतो हे त्याच्या घरची माणसे जाणतात; उपासनामंदिरात कसा वागतो हे मंडळी पाहते; परंतु जेथे त्यास कोणी ओळखत नाही अशा रस्त्यावर तो कसा वागतो, ह्यावरून त्याच्या शिक्षणाची खरी परीक्षा होते, असे आमचे मत आहे. ह्या परीक्षेचा निकाल कोणत्याही गुणपत्रिकेत छापला जात नाही. तथापि तीत जो नापास होतो, त्याचा दंड पुष्कळदा दुसऱ्याच कोणास, आणि तोही प्राणाने, भरावा लागतो. म्हणून ह्या वर्षीच्या अंकात रस्त्यावरील शिस्तीविषयी दोन शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

सायंकाळी शाळा सुटली म्हणजे आम्ही फाटकापाशी थोडा वेळ उभे असतो. तेथे जे दिसते ते आमच्या विद्यार्थिमित्रांस नवे नाही. तिघे-तिघे मित्र सायकली शेजारी-शेजारी लावून, गप्पा करीत, अर्धा रस्ता व्यापून चालतात. मागून कोणी घंटी वाजविली तर मान वळवून पाहतात, पण बाजूस होत नाहीत. त्याच वेळी पालकांपैकी काही मंडळी, पुढच्या चौकापर्यंतचा वळसा वाचावा म्हणून, आपली मोटारसायकल उलट्या बाजूने आणतात. मागे बसलेले मूल ते सर्व पाहत असते. त्या मुलास आम्ही वर्गात नागरिकशास्त्राचे धडे देतो. पण रस्त्याचा धडा त्याने त्याआधीच घेतलेला असतो.

“एवढ्याशा गोष्टीचे काय मोठे?” असे कोणी म्हणेल. त्यास आमचे सांगणे असे की, आज जो बारा वर्षांचा सायकलस्वार आहे, तो आणखी आठ-दहा वर्षांनी मोटारीच्या चाकापाशी बसणार आहे, आणि तो ज्या रस्त्यावर ती मोटार चालवील तो रस्ता आपल्या वडिलांच्या काळचा नसेल. नागपूरपासून मुंबईच्या वेशीपर्यंत जाणारा 701 किलोमीटर लांबीचा समृद्धी महामार्ग आता पुरा झाला आहे. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला भाग 11 डिसेंबर 2022 रोजी आणि इगतपुरीच्या पुढचा शेवटचा भाग 5 जून 2025 रोजी खुला झाला. तसाच द्रुतगती मार्ग नागपूरहून पूर्वेस भंडारा व गोंदियाकडे आणण्याची योजनाही शासनाने हाती घेतली आहे. म्हणजे धानाच्या बांध्यांतून व तलावांच्या काठाने हिंडणाऱ्या आपल्या मुलांपुढे ताशी 120 किलोमीटर वेगाचा रस्ता येऊन उभा राहणार. रस्ता येईल, ह्याविषयी आम्हांस शंका नाही. त्या रस्त्यावर चालण्यास आपण योग्य झालो असू काय, हा प्रश्न आहे.

रुंद व सरळ रस्ता झाला म्हणजे अपघात आपोआप टळतील अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नव्हे. त्याच समृद्धी महामार्गावर 1 जुलै 2023 च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ एका खाजगी बसला आग लागून 25 प्रवासी मृत्यू पावले. ही बस आपल्याच नागपूरहून पुण्यास निघाली होती. सबंध भारताचा विचार केला तर 2022 ह्या एका वर्षात रस्त्यांवरील अपघातांत 1,68,491 माणसे गेली. ह्याच वर्षांत आपल्या देशाने पूर्वी कधी नव्हते इतके चांगले रस्ते बांधले. तेव्हा रस्ता सुधारणे आणि रस्त्यावरचा मनुष्य सुधारणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे उघड होते.

आता ह्या शिस्तीतील मुख्य नियम कोणता तो पाहू. द्रुतगती मार्गावर एका दिशेस जाण्याकरिता सामान्यतः तीन पट्टे आखलेले असतात. त्यांस मार्गिका म्हणतात; गाडीवाले ‘लेन’ म्हणतात. अगदी डावीकडील मार्गिका मालमोटारी व सावकाश जाणारी वाहने ह्यांकरिता, मधली मोटारींकरिता, आणि उजवीकडील मार्गिका केवळ पुढच्या वाहनास ओलांडण्याकरिता. ओलांडून झाले की पुन्हा डावीकडे यावयाचे. चौपदरी रस्त्यावर, जेथे एका दिशेस दोनच मार्गिका असतात, तेथेही तत्त्व तेच. नियम इतका सोपा आहे की तो पाचव्या इयत्तेतील मुलास एका मिनिटात समजतो, आणि पाळण्यास इतका कठीण की वीस-वीस वर्षे गाडी चालविणाऱ्यांस तो साधत नाही.

कठीण का, ह्याचे कारण आमच्या मते असे आहे. आम्ही उजवी वाट ही वेगवान माणसाची मालमत्ता समजतो. वस्तुतः ती कोणाचीच मालमत्ता नाही. ती सर्वांच्या सामाईक उपयोगाकरिता मोकळी ठेवलेली जागा आहे. जो तीवर जातो तो ती उसनी घेतो. शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणावी, आणि काम झाल्यावर तिचे माप परत करावे, तसे हे आहे. वाटी आपल्याच फडताळात ठेवून घेतली तर शेजारणीच्या घरी पाहुणे आल्यावर तिने काय करावे?

गोंदिया हे रेल्वेचे गाव आहे. हावडा-मुंबई हमरस्त्यावरील ह्या जंक्शनात रुळांचे जाळे आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी पुलावरून पाहिले असेल. आगगाडी आपल्या मनाने एका रुळावरून दुसऱ्यावर जाऊ शकत नाही. तिच्यासाठी कोणी दुसरा सांधा बदलतो, कोणी सिग्नल देतो, कोणी मार्ग मोकळा असल्याची खात्री करून घेतो. मोटार चालविणाऱ्यास मात्र ही सर्व कामे एकट्यासच करावयाची असतात: तोच चालक, तोच सांधेवाला, तोच सिग्नलवाला. आरशात न पाहता व दिव्याने खूण न करता जो आपली मार्गिका बदलतो, तो मागून गाडी येत असता आंधळेपणाने सांधा फिरविणाऱ्या सांधेवाल्यासारखा आहे. असा सांधेवाला रेल्वेत एक दिवसही टिकणार नाही.

गणिताने पाहिले तर गोष्ट अधिक स्पष्ट होते. ताशी 120 किलोमीटर म्हणजे सेकंदास 33 मीटरांहून अधिक. तीन सेकंद डोळे मोबाइलवर गेले की गाडी 100 मीटर आंधळी धावली. आता उजव्या मार्गिकेत एक गाडी ताशी 80 च्या वेगाने चालली आहे व तिच्या मागे 100 मीटरांवर दुसरी 120 च्या वेगाने येत आहे असे समजा. दोहोंतील अंतर दर सेकंदास 11 मीटरांनी घटते, म्हणजे नऊ सेकंदांत ते संपते. ह्या नऊ सेकंदांत मागच्याने एक तर वेग कमी केला पाहिजे, नाही तर डावीकडून, म्हणजे जेथून कोणी येईल अशी पुढच्याची अपेक्षा नसते तेथून, पुढे काढले पाहिजे. अपघात होतात ते बहुधा अशा अनपेक्षित ठिकाणी. प्रत्येक वाहन कोठे असेल हे दुसऱ्यास आधी कळावे, ह्यासाठीच मार्गिकांची योजना आहे.

ह्या नियमाचा भंग करणारे दोन प्रकारचे लोक आढळतात. पहिला मनुष्य मागून येतो, प्रखर दिव्यांची उघडझाप करितो, भोंगा वाजवितो, आणि पुढच्याच्या पाठीशी इतका चिकटतो की जणू त्यास ढकलून देणार. हा उतावळा मनुष्य सर्वांच्या निंदेस पात्र होतो, व ते योग्यच आहे. दुसरा मनुष्य मात्र सभ्य दिसतो. तो वेगाची मर्यादा ओलांडीत नाही, परंतु उजवी वाट धरून बसतो आणि मनात म्हणतो, “मी कायद्याप्रमाणे चाललो आहे, ज्यास घाई असेल त्याने पाहून घ्यावे.” ह्याची निंदा कोणी करीत नाही. आमच्या मते ह्या दोघांचा दोष एकच आहे. उसनी घेतलेली वाट दोघेही आपली समजतात: एक दांडगाईने, दुसरा धार्मिकपणाच्या डौलाने.

हे आम्ही दुसऱ्यास नावे ठेवण्याकरिता लिहीत नाही. त्या दुसऱ्या मनुष्यास आम्ही फार जवळून ओळखतो. कारण तो आम्हीच होतो. काही वर्षांपूर्वी आम्ही कुटुंबासह नागपुरास चाललो होतो. साकोली मागे पडली, चौपदरी रस्ता मोकळा होता, आणि आम्ही उजव्या मार्गिकेतून बेताच्या वेगाने जात होतो. मागून एक लहान मोटार आली. तिने दिवे दाखविले. डावीकडे जागा होती. परंतु आम्ही हललो नाही. आमच्या पत्नीने दोनदा सुचविले, “अहो, जाऊ द्या ना त्यांना.” आम्ही उत्तर दिले की, अशा घाईच्या माणसांस थोडा धडा मिळालाच पाहिजे. शिक्षकाच्या धंद्यात ही एक खोड जडते. शेवटी ती मोटार डावीकडून कशीबशी पुढे निघाली, आणि ती शेजारून जाताना आम्ही आत पाहिले. मागच्या आसनावर एक म्हातारी आडवी होती, आणि एक तरुण मुलगा सलाइनची बाटली हातात उंच धरून वाकून बसला होता.

आपल्या जिल्ह्यातून जड दुखण्याचा रोगी नागपुरास नेतात हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. प्रत्येक वेळी रुग्णवाहिका मिळतेच असे नाही, हेही ठाऊक होते. ती मोटार क्षणात दिसेनाशी झाली. त्या म्हातारीचे पुढे काय झाले हे आम्हांस कळले नाही, व कधी कळणारही नाही. त्या दिवशी नागपूर येईपर्यंत गाडीत कोणी फारसे बोलले नाही. मागून येणाऱ्याची घाई खरी की खोटी, हे ठरविण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला होता? न्यायाधीशाचे आसन आम्ही आपण होऊन घेतले होते, आणि तेही उसन्या वाटेवर.

रुग्णवाहिकेस वाट न देणाऱ्यास मोटार वाहन कायद्याच्या 2019 सालच्या दुरुस्तीने 10,000 रुपये दंड वा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेविली आहे. जर्मनीत ह्याहून पुढची रीत आहे. तेथील महामार्गावर वाहने खोळंबू लागली की कोणी रुग्णवाहिकेची वाट पाहत बसत नाही. अगदी डाव्या मार्गिकेतील वाहने डावीकडे व उरलेली सर्व उजवीकडे सरकतात, आणि मध्ये एक रिकामी गल्ली तयार होते. मदतीची गाडी येईल तेव्हा येईल. वाट मात्र आधीच तयार असते. ह्यात यंत्राचा काही चमत्कार नाही. संकटात कोणी तरी असेल, आणि तो माझ्या मागे असेल, एवढा विचार प्रत्येकाच्या मनात आधीपासून असतो, इतकेच.

कोणी आक्षेप घेईल की, “सर्वच लोक नियम मोडतात, मी एकट्याने पाळून काय होणार?” पुष्कळ सुधारणा अशा असतात की त्यांस बहुमत लागते, ही तशी नाही. उजव्या वाटेवरून एक गाडी डावीकडे आली की मागच्या दहांस त्याच क्षणी वाट मिळते. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. डावीकडे खड्डे असतात, कोणी ट्रक उभा करून जेवावयास गेलेला असतो, कोणी उलट दिशेने येत असतो. मग डावीकडून चालावे कसे? हे आम्हांस मान्य आहे. डावी वाट बंद असेल तेव्हा उजवीचा आश्रय घेणे हा दोष नव्हे. अडथळा सरल्यावरही तेथेच राहणे हा दोष आहे. आणि डाव्या वाटेत वाहन उभे करणारा मनुष्यही उजव्या वाटेचाच अपराधी समजला पाहिजे, कारण त्याने दुसऱ्यांस तिकडे ढकलले.

आता घराजवळ येऊ. आपल्या जिल्ह्यातील बहुतेक रस्ते अद्याप एकेरी पदराचे आहेत; तेथे उजवी वाट म्हणजे समोरून येणाऱ्याची वाट. ती उसनी घेणे हे तर अधिकच जोखमीचे. ताशी 60 ने जाणाऱ्या ट्रकास 80 च्या वेगाने ओलांडण्यास सुमारे दहा सेकंद लागतात. तेवढ्यात आपण 220 मीटर पुढे जातो, आणि समोरून त्याच वेगाने येणारा 220 मीटर जवळ येतो. म्हणजे जवळजवळ साडेचारशे मीटर रस्ता स्वच्छ दिसत असल्याखेरीज बाहेर निघू नये. वळणावर इतका रस्ता कोणास दिसतो? ह्या गोंदिया-कोहमारा रस्त्यावर 29 नोव्हेंबर 2024 रोजी भंडाऱ्याहून गोंदियास येणारी राज्य परिवहनाची बस उलटून 11 जणांचा अंत झाला. समोर आलेल्या एका मोटारसायकलीस वाचविण्याच्या प्रयत्नात बस उलटली, असे तेव्हा वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झाले. त्याच रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात 2023 च्या ऑगस्ट महिन्यात एका मोटारीचा धक्का लागून वाघ मेला. जंगलातील मुक्या प्राण्यांस आपल्या मार्गिका ठाऊक नसतात; त्यांच्या वाटेची जबाबदारीही आपल्यावरच येते. कापणीच्या दिवसांत धानाची पोती घेऊन निघालेली, मागे दिवा नसलेली ट्रॉली अंधारात किती जवळ आल्यावर दिसते, हे आमच्या शेतकरी पालकांस सांगावयास नको. पोत्यांवर चार रुपयांची चमकती पट्टी चिकटविणे हाही रस्त्यावरील शिष्टाचारच होय.

पालकांस एक विनंती करितो. अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती मोटारसायकल देणे हे आपल्याकडे कौतुकाचे मानले जाते. कायदा तसे मानीत नाही. 2019 च्या दुरुस्तीप्रमाणे अशा मुलाकडून अपराध घडल्यास पालकास वा वाहनाच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व 25,000 रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांकरिता रद्द होते, आणि त्या मुलास पंचवीस वर्षे पुरी होईपर्यंत परवाना मिळत नाही. परंतु दंडाच्या भीतीने आपण किल्ली काढून घ्यावी, असे आमचे म्हणणे नाही. लेकरू आपल्यास हवे आहे म्हणून घ्यावी.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2024 पासून मार्गिकेची शिस्त मोडणाऱ्यांवर कॅमेऱ्यांची नजर आहे. हे इष्टच झाले. तरी आमच्या मनात एक शंका येते. कॅमेरा दिसला की डावीकडे, आणि तो मागे पडला की पुन्हा उजवीकडे, अशी जर आपली चाल राहिली, तर आपण शिस्त शिकलो असे नव्हे. केवळ तोंडदेखली चाकरी शिकलो. धनी पाहत असो वा नसो, काम तेच करणारा चाकर प्रामाणिक. शेजारी कोणास म्हणावे, असे एका शास्त्र्याने विचारले तेव्हा प्रभूने त्यास व्याख्या सांगितली नाही. यरुशलेमेहून यरिहोस जाणाऱ्या एका रस्त्याची गोष्ट सांगितली. त्या गोष्टीतील दोघे वाटसरू दुष्ट नव्हते. ते आपल्या वाटेने चालले होते, एवढेच. तिसरा थांबला. महामार्गावर आपणांस थांबावयाचेही नाही. केवळ एक हात डावीकडे सरावयाचे आहे. इतके स्वस्त परोपकाराचे काम दुसरे कोणते असेल?

विद्यार्थिमित्रांनो, ह्या कामास मोटार हवी असे नाही; परवानाही नको. उद्या शाळा सुटेल तेव्हा सायकली एकामागे एक लावा. मागून घंटी ऐकू आली की डावीकडे व्हा. वळण्यापूर्वी मागे पाहा आणि हात दाखवा. तुम्हांस कोणी वाट दिली तर हात वर करून त्याचे आभार माना. अनोळखी माणसाशी बोलण्याचा रस्त्यावर तेवढाच एक उपाय असतो. ही सवय आज अंगी लागली तर उद्या समृद्धीच्या रस्त्यावर ती तुम्हांस शिकावी लागणार नाही.

आपल्या खेड्यापाड्यांत उसने घेतलेले वेळेवर परत करणाऱ्या माणसाची पत असते. त्याच्याकडे धन थोडे असले तरी दुकानदार त्यास रिकाम्या हाताने परत धाडीत नाही. रस्त्यावरही तीच पत मिळविता येते. आम्ही ती एकदा घालविली, आणि सलाइनची बाटली धरलेल्या त्या मुलाची क्षमा मागण्याची संधी आम्हांस मिळणार नाही. म्हणून तेव्हापासून मागे दिवे दिसले की, ते कोणाचेही असोत, आम्ही डावीकडे येतो.